ओयमोहचं दूध

कुर्बोन : …मावशी, तू फक्त गोदामापर्यंत चल. नऊ जण कोंडलेत, सगळे गर्मवाले, गर्म खोऱ्यातून इथं येऊन वसलेल्यांची पोरं. आपल्या रजबला गर्मवाल्यांनी मारलं. लेक तुझा, तेव्हा हुकूमही तुझा. तू हो म्हण, पुढचं आम्ही बघतो.

ओयमोह : रजबला मारणारे ट्रकमधून आले आणि ट्रकमधून गेले. हे नऊ माझ्या गल्लीतले आहेत.

कुर्बोन : गर्मवाला तो गर्मवाला.

ओयमोह : ती बंदूक आधी बाहेर ठेव. समोर नान मांडलंय, दिसत नाही? हं. आता सांग, तुमच्या आया दिवसभर कापूस वेचायच्या, तेव्हा बांधावर तान्ही पोरं घेऊन कोण बसायचं?

कुर्बोन : तू.

ओयमोह : आणि रडली की पाजायचं कोण? तू काय वारा पिऊन वाढलास? गोदामातले शोदी, मिर्झो, ते जुळे, सगळे माझ्या अंगावर प्यायलेत. रजबचे दूधभाऊ ते, तुझेही. भावाचा सूड भावांवर उगवायला निघालास होय रे?

कुर्बोन : नऊच्या नऊ प्यायले?

ओयमोह : नऊच्या नऊ. माझ्या दुधाला कधी तोटा नव्हता.

कुर्बोन : इथं फसलीस, मावशी. त्या नऊतल्या नझरीची न् तुझ्या लेकीची, झेबोची, सोयरीक झालीय. दूधभावाशी लग्न लागत नाही, हे तूच गावाला सांगत आलीस. आठ जण सोडतो. नझरी तुझं दूध प्यायलेला नाही.

ओयमोह : प्यायलाय.

कुर्बोन : नानवर हात ठेवून सांग.

ओयमोह : हा ठेवला. नझरी माझं दूध प्यायलाय. सोयरीक मोडली.

कुर्बोन : खोटं बोलतेस. नानवर हात ठेवून.

ओयमोह : रजबची आई आहे मी. माझ्या लेकाच्या नावावर या गल्लीत एकही मयत निघणार नाही. जा, गावभर सांग, ओयमोह खोटं बोलली म्हणून. आहे हिंमत?

कुर्बोन : आणि झेबो? तिला काय सांगशील?

ओयमोह : दाराआड उभी आहे. विचार तिलाच.

(झेबो पुढे येते. नझरीच्या घरून आलेली कानातली काढून आईपुढे ठेवते.)

झेबो : चल कुर्बोनदादा, कुलूप काढ. माझा भाऊ कालपासून उपाशी आहे.