रांगोळीची रेघ आन् आमची शिवांजली

सोमवारी सकाळी धा वाजून सतरा मिनिटांनी, बायांनो, घड्याळ म्या सोता बघितलंय, अंगणवाडीच्या अयोध्याताई भर दारात मला म्हणल्या, "अगं, चार वर्षांची घोडी झाली, तरी कडेवर? हिला चालता येतं का न्हाय?" चालता येतं का! तुमाला सांगते, माझी शिवांजली नवव्या महिन्यात उभी राहिलेली... आता मी चालू देत न्हाय, ती गोष्ट येगळी! आमच्या घराच्या आन् अंगणवाडीच्या मधी हमरस्ता, ट्रका कशा सुसाट जात्यात, लेकरू खाली सोडायचं कसं? आईचा जीव हाय, करणार काय!

तर त्या दिशी होती तपासणी. लेकरं उड्या मारत्यात का, चेंडू फेकत्यात का, तोल सांभाळत्यात का, समदं बघून ताई कार्डावर लिहिणार, आन् ज्याला जमलं न्हाय त्याला उमरग्याच्या डॉक्टरला दाखवायची चिठ्ठी! चिठ्ठी म्हणल्याबरोबर म्या पोरीला आणिक घट्ट धरलं. सासूबाई तर गावभर सांगतील, "सातवी शिकलेली सून केली, आन् तिच्या लेकीला उडी मारता येईना!"

पहिला नंबर जमिलाबीच्या नातवाचा, रिजवानचा. काय ते पोरगं! नाकतोड्यावानी टणाटण! जमिलाबी पदर तोंडाला लावून हसती. मी मनात म्हणलं, हसा, तुमचं काय जातंय!

मग आमची पाळी. "फेक बाळा चेंडू!" पोरीनं चेंडू पोटाशी धरला आन् माझ्याकडं बघाय लागली. का? तर "फेकू नको, टीव्ही फुटंल," हे रोज कोण सांगतंय? मीच! "बरं, ह्या पायरीवरनं उडी मार." ही पायरीवर बसली, आन् बुडावर घसरत घसरत खाली! का? तर "उडी मारू नको, दात पडतील"... तेबी मीच! ताईंची पेन्सिल कार्डावर टकटक, मला इकडं घाम. आईचा जीव हाय ओ, करणार काय!

शेवटाला ताईंनी काय करावं? खडू घावंना, म्हणून डब्यातली रांगोळी घेतली आन् फरशीवर ही लांब रेघ ओढली. "ह्या रेघेवरनं चालत ये." पोरगी जागची हलंना! ताई म्हणल्या, "तोल जात असंल." जमिलाबी म्हणती, "अगे, डर रही है बच्ची!" मला तर, खोटं कशाला सांगू, रडूच फुटलं... पेन्सिल कार्डाला टेकली, आन् तेवढ्यात शिवांजली ताईंवरच खेकसली, "रांगोळीवर पाय देऊ नये! पाप लागतंय!"

घ्या! तोंड तेवढं माझंच!

आन् झगा दोनी हातानं आवरून, एका पायावर, टुणकन रेघेच्या पल्याड! परत अल्याड! पाच येळा, बायांनो, रांगोळीचा एक कण हलला न्हाय! वर ताईंला शिकवती, "आसं जायचं असतंय!" तेवढ्यात रिजवाननं रेघेवर पाय दिला, तर हिनं चेंडू उचलून असा हाणला, बरोब्बर त्याच्या पाठीत! ताई हसत हसत लिहायलेल्या... उडी येते. तोल येतो. नेम लई चांगला.

माझ्या जिवात जीव आला, म्हणलं सुटले! कुठलं सुटतीय? ताई म्हणल्या, "लेकरू एकदम ठणठणीत हाय. आता आईचं बघू. उद्यापासून रस्ता हात धरून ओलांडायचा, फुडं तिला चालू द्यायचं. जेवण तिच्या हातानं, बटनं तिची तिनं लावायची, आन् तू हात मागं बांधून बसायचं!" हात मागं! ही तपासणी कुणाची म्हणायची? आईचा जीव हाय, एवढंबी करू नये व्हय?

आज तिसरा दिस. सकाळी आठपासून पोरगी झग्याची बटनं लावायलीय. समोरून चारच हायत. वरचं बटन तिसऱ्या काजात गेलं, ते काढलं, परत घातलं, परत काढलं... आन् मी हितं उंबऱ्यावर दोनी हात मांडीखाली दाबून बसलीय, बोटं नुसती वळवळायलीत, म्हणून तर तुमाला अडवून बोलायलीय! तुमी तिकडंच चाललाव न्हवं? मग अयोध्याताईंला एवढा निरोप द्या, शिवांजली निघाली हाय म्हणाव... दुसऱ्या बटनापतूर आली हाय.