कंपोस्टात गेलेल्या झावळ्या

तुमच्या सोसायटीत कंपोस्ट सुरू करताय ना? मग काय टाकताय ते आधी विचारा राव. ताथवड्याच्या आमच्या कॉलेजात मी आणि सागऱ्या ग्रीन क्लबचे. कॉलेजच्या चॅपलमागच्या, म्हणजे छोट्या चर्चमागच्या खोलीत वाळक्या झावळ्या दिसल्या, आम्ही सगळ्या खड्ड्यात टाकल्या, वरून शेणपाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी फादर आले. "झावळ्या कुठायत?"

"कंपोस्टात, फादर. झिरो वेस्ट," मी छाती फुगवून.

फादर पायरीवरच बसले. "अरे, त्या मागच्या ईस्टरआधी चर्चमध्ये वाटलेल्या. त्याच जाळून उद्या, राखेच्या बुधवारी, सगळ्यांच्या कपाळाला राख लावायची असते."

सागऱ्या म्हणाला, "फादर, आमच्या चुलीची आणू का? घरी लय हाय."

"नको. वर्षभर जपून पुन्हा वापरायचं, याला तुमच्या क्लबात काय म्हणतात?"

"रिसायकलिंग."

"मग घ्या फावडं."

उकरल्या, धुतल्या, कँटीनच्या तव्यावर वाळवल्या, मग जाळल्या. कशीबशी वाटीभर राख झाली.

बुधवारी मीही रांगेत उभा राहिलो. फादरांनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. "तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील." मग हळूच म्हणाले, "पण झावळ्यांना तुझ्याआधी मातीत पाठवायची गरज नव्हती."