ओठांवरचं झुडूप

सहा वर्षांची मुलगी आईचा प्रत्येक शब्द झेलत असे, वडिलांचा मात्र एकही ऐकत नसे. कानाच्या दवाखान्यात कंपाउंडरने वडिलांची तक्रार केसपेपरवर जशीच्या तशी उतरवली: ‘ऐकत नाही’. बाकावर मुलीची आत्या बोलू लागली.

“हट्टी म्हणून तिला वसतिगृहात धाडायला निघाला होतास, दादा.”

“मग तुझ्या वहिनीचं बरं ऐकते?”

“वहिनीला मिशा नाहीत.”

“थट्टा पुरे.”

“ती ओठ वाचते. तुझे झुडपात लपलेत. मी तोंडापुढे वही धरून हाक मारली, तिने मान वर केली नाही. तीनदा करून पाहिलं.”

“हे शिकवलं कोणी तिला?”

“कोणीच नाही. सर्दी हटेना, तेव्हा एकटीच शिकली.”

“आणि मी तिला ढ म्हणायचो.”

तपासणीनंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून कंपाउंडरने तक्रार खोडून लिहिले: ‘नीट ऐकू येत नाही. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचले आहे.’