बोट ठेवा, मी वाचतो

ती : म्हणजे खिडकीवर तुम्ही बोललात? तुम्ही?

तो : बोललो कुठं. वाचलं.

ती : आधी टेका जरा. घामाघूम झालात. आता पहिल्यापासून सांगा.

तो : विम्याच्या कचेरीतल्या त्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, घरचं विजेचं बिल विम्यात बसत नाही. नकाराची तीन पत्रं पाठवली आम्ही आजोबा, वाचता येत नाही का?

ती : चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला?

तो : तिला काय ठाऊक. मी परत फिरणारच होतो.

ती : फिरणारच. कुजका टोमॅटो पिशवीत घातला तरी भाजीवाल्याचे आभार मानणारे तुम्ही.

तो : फिरलो नाही पण.

ती : का?

तो : तू दुपारी प्राणवायूचं यंत्र बंद ठेवतेस म्हणून.

ती : कोण म्हणतं?

तो : यंत्राच्या पाठीवर चाललेल्या तासांचा आकडा असतो. मी वाचनालयात असतो, नेमके तेवढे तास रोज कमी भरतात.

ती : यंदा दोनदा वीज महागली. तुमचं पेन्शन आहे तिथंच आहे. दुपारी मी हलत नाही, बोलत नाही. भागतं.

तो : परवा ओठ निळे पडले होते तुझे. विचारावं म्हटलं, धीर झाला नाही.

ती : ते राहू द्या. खिडकीचं सांगा.

तो : मी त्या बाईंना म्हटलं, मला वाद घालता येत नाही. ही तुमचीच नियमांची पुस्तिका. मी मोठ्यानं वाचतो, तुम्ही तुमच्या प्रतीवर बोट ठेवून या. चुकलो तर थांबवा. छापखान्यात आम्ही असंच करायचो.

ती : आणि तिनं ऐकलं?

तो : का कोण जाणे, ठेवलं बोट. मी सुरुवात केली. पान पहिलं.

ती : अहो, पहिल्या पानापासून?

तो : मधूनच कसं वाचणार? संदर्भ सुटतो.

ती : धन्य आहे. मागची रांग काय म्हणाली?

तो : आधी शिव्याच. एक जण म्हणाला, म्हातारा कीर्तनाला बसलाय. मग हळूहळू गप्प झाले. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा नियम आला तेव्हा एक शिंपी म्हणाला, काका, तेवढं परत वाचा. त्याचाही अर्ज फेटाळला होता. वाचलं परत.

ती : आवाज थरथरला असेल.

तो : चौथ्या पानापर्यंत. पुढं लक्षच राहिलं नाही.

ती : मग?

तो : एकतिसावं पान. तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरात. डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यानं घरी चालणाऱ्या श्वसनाच्या यंत्राला लागणारी वीज, तिचा खर्च विमा देईल. बाईंचं बोट तिथंच थांबलं. त्यांनी स्वतः मनात वाचलं. मग आत जाऊन साहेबांना घेऊन आल्या.

ती : साहेब खेकसला असेल.

तो : म्हणाला, संगणकाच्या यादीत हे नाही. रांगेतून कुणीतरी म्हणालं, पुस्तिकेत आहे, आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मग त्यानं सही केली. हा मंजुरीचा कागद. यंत्र आणलं त्या दिवसापासूनचं सगळं मिळणार, आणि यापुढचंही. रोजचं. दुपारचंसुद्धा.

ती : बघू. चष्मा द्या माझा.

तो : शिक्का इथं आहे. मी तीनदा तपासला.

ती : तुम्ही तपासलाय ना, मग राहू दे चष्मा. ती नळी द्या इकडे.

(ती यंत्राचं बटण दाबते. घरघर सुरू होते.)

तो : भूक लागलीये.

ती : काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला.

तो : म्हटलं, भूक लागलीये. पण तू बस. मी वाढून घेतो.