नकाशावरचा पांढरा पट्टा

(घरापुढे रुग्णवाहिका उभी. तिचा ड्रायव्हर, म्हणजे भाऊ, ती धुतोय. त्याची थोरली बहीण गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. ती शहरातून नुकतीच परतली आहे.)

ताई: ती बादली खाली ठेव आधी. मग सांगते.

भाऊ: सांग ना, हात चालतायत, कान मोकळेच आहेत. उद्या गाडी न्यायला येणार. मळकी कशी द्यायची?

ताई: का नेतायत ते कळलं मला आज.

भाऊ: त्यात कळायचं काय? सरकारकडे पैसे नसतील.

ताई: आहेत. शहरासाठी नव्या गाड्या घेतायत. आपली नेतायत, कारण त्यांच्या मते इथं कुणी आजारीच पडत नाही.

भाऊ: थट्टा करतेस का?

ताई: माझा चेहरा थट्टेचा दिसतोय? या गाडीच्याच सुनावणीला बसले होते मी. भिंतभर मोठा पडदा, त्यावर नकाशा. जिथून रुग्णवाहिकेसाठी फोन आला, तिथं लाल ठिपका. शहर तर गोवर उठल्यासारखं लाल. आणि आपला डोंगराकडचा सगळा पट्टा पांढराफटक.

भाऊ: अगं, पण इथं फोन लागतच नाही!

ताई: तेच.

भाऊ: लोक दार ठोठावतात माझं. परवा सुताराला नेलं, तर त्याचा पोरगा सायकल दामटत आला होता. फोन कुठून करणार तो?

ताई: म्हणून तर सुतार त्या नकाशावर नाही. गिरणीवाली नाही, मास्तर नाहीत. तू ज्यांना ज्यांना नेलंस, त्यातलं कुणीच नाही. साहेब वाचून दाखवत होते, सदर गाडी बहुतांश काळ उभी असते.

भाऊ: उभी?

ताई: असंच म्हणाले.

भाऊ: टायर गुळगुळीत झालेत गं तिचे.

ताई: बस जरा इथं. अजून आहे. मी उठून विचारलं, मग टॉवर का बसवत नाही? तर दुसऱ्या खात्याचे साहेब म्हणाले, तिथल्या सोयी कमी होत चालल्यात, म्हणजे वस्ती उठायला लागली असं आम्ही धरतो. उठणाऱ्या वस्तीला टॉवर कशाला?

भाऊ: सोयी त्यांनीच काढल्या ना?

ताई: हो.

भाऊ: आणि वर आम्ही उठणार असं धरलंय?

भावजय: कोण उठणार, वन्सं?

ताई: तू कशाला बाहेर आलीस? आठवा सरत आला, पायांवर सूज आहे. बस त्या खुर्चीवर.

भावजय: बसते. पण खरं सांगा. गाव उठवणारेत?

ताई: उठवत नाहीत गं. आपलं आपण उठून जाऊ असं गृहीत धरलंय. कागदावर झालंय सगळं. आवाजसुद्धा चढला नाही कुणाचा. त्याचीच जास्त भीती वाटली मला.

भाऊ: मग तू काय बोललीस?

ताई: म्हटलं, तिथून फोनच लागत नाही. नकाशा दाखवणारी एक बाई होती, तरुण, चष्मेवाली. तिनंच मला विचारलं, मग तुमच्याकडे लोक गाडी बोलावतात कशी? म्हटलं, माझ्या भावाच्या दारावर थाप मारून. तिला पटेना. म्हणाली, त्यांचा नंबर द्या.

भाऊ: माझा?

ताई: सगळ्यांसमोर लावला तिनं, स्पीकरवर. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

भाऊ: कधी हे?

ताई: जेवणाच्या सुट्टीआधी.

भाऊ: तेव्हा घाटात होतो मी. कुंभाराच्या म्हातारीला घेऊन. श्वास लागला होता तिला.

ताई: जगली?

भाऊ: जगली. नळी लावून पडलीये दवाखान्यात, पण सुनेला शिव्या घालायला लागली. म्हणजे ठीक आहे.

ताई: बघ. तीही नाही त्या नकाशावर.

भावजय: मग उद्या गाडी जाणार की राहणार?

ताई: उद्या नाही जाणार. सुट्टीनंतर ती बाई माझ्याजवळ आली. रंग उडाला होता तिचा. म्हणाली, पांढरं म्हणजे सगळं ठीक, असंच समजत आलो आम्ही. नेण्याचा हुकूम तिनं भांडून थांबवून घेतलाय, इथलं बघून जाईपर्यंत. आणि उद्याच्या बसनं ती स्वतः येतेय.

भाऊ: येऊन काय करणार?

ताई: बघणार, कोण कोण दार ठोठावतं ते. पुढचं तिच्या एकटीच्या हातात नाही, तेही स्पष्ट सांगितलं तिनं. खोटी आशा नाही लावली.

भाऊ: म्हणजे नंतर नेतीलच.

ताई: नेतीलही.

भावजय: किती दिवस राहणारेत त्या?

ताई: दोन-तीन म्हणाली. का गं?

भावजय: आपल्याकडेच उतरवा त्यांना. म्हणावं, माझे दिवस भरेपर्यंत राहा.