चित्रकलेच्या बाईंनी दिलेले पाच

हॅलो?… हां रेवती, बोल. पाय कसा आहे?… अजून सूज? मग उठू नकोस, गप पडून राहा… हो, हो, घेतला तुझा तास. आठवी ब, अख्खी पस्तीस मिनिटं बीजगणित… हस, हस. चित्रकलेची बाई गणिताच्या तासाला, मुलंही हसतच होती.

नाही गं, गोंधळ कसला. तू दिलेलंच गणित घातलं. आईचं वय मुलीच्या तिप्पट, बारा वर्षांनी दुप्पट होणार, तर आज दोघींची वयं किती… हो, एकेकाला फळ्यापाशी बोलावून समजावून सांगायला लावलं. पाचपैकी गुण दिले.

सर्वेशला? दोन… दोन म्हणजे दोन. अगं ऐक ना… उत्तर बरोबरच होतं, बारा आणि छत्तीस. पण बोलला काय, तर x मानला, इकडचं तिकडे नेलं, आलं. मी विचारलं, का नेलं रे तिकडे? तर म्हणे, बाई, असंच असतं… आता तूच म्हणालीस ना मला, "वसुधा, तुला कळलं तरच गुण दे"? मला नाही कळलं.

पाच एकीलाच. अक्षता… हो, तीच, मरोळहून आलेली, जूनपासून तोंड न उघडलेली… उत्तर ना? उत्तर आलं शून्य… अगं ओरडू नकोस, आधी ऐक. ती म्हणाली, "x म्हणजे मुलगी नाही बाई, मुलीचं आजचं वय. आणि बारा वर्षांनी एकटी मुलगी मोठी होत नाही, आईपण होते." इतकं साफ. मग आलं x बरोबर शून्य. वर्ग खो खो हसायला लागला. ही जागची हलली नाही. म्हणाली, "मुलगी आज जन्मली असेल, पण शून्याची तिप्पट शून्यच. म्हणजे आईपण आजच जन्मली. माझं कुठेतरी चुकलंय बाई, कुठे ते कळत नाहीये." आणि घंटा झाली.

नाही रेवती, तीन नाही करायचे… माहितेय मला, पाचवालाच शनिवारी पालकसभेत फळ्यापाशी उभा राहणार. सर्वेशच्या आईला तू आधीच त्याचं नाव सांगून बसलीस, ते तुझं तू निस्तर… अगं, पोरगी पहिल्यांदा बोलली यार. आता गुण कापलेस तर परत बोलेल का? मला फार वाईट वाटेल, खरंच सांगते.

चूक ना? कंसात होती. बारा वर्षांनंतरच्या अख्ख्या वयाची दुप्पट करायची, तिने नुसत्या x ची केली, बारा तसेच सोडले… कोणी नाही सांगितलं. मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले होते, तिचंच बोलणं डोक्यात घोळत होतं. कागदावर मांडून बघितलं, तर दिसलं. पोळी तशीच राहिली… हो, मीच… हो गं, दहावीला गणितात काठावर सुटलेली मीच.

मग काय, ठेवायचे पाच?… नक्की?… झकास. सर्वेशला म्हणावं, मला कळेपर्यंत समजाव, मग बघू.

ऐक, ठेवू नकोस. अजून एक गणित घाल ना… वर्गाला नाही गं, मला… थांब, पेन्सिल घेते. हं, सांग… बाप आणि मुलगा… हं… पाच वर्षांपूर्वी… हं, लिहिलं सगळं… म्हणजे दोघांचीही पाच कमी करायची ना?… नको, नको, पुढची रीत सांगू नकोस, मीच काढते… अगं नको म्हटलं ना. ठेवते मी.