धार कोण काढतं?

नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी सोनईकडची एक बाई होती. तिचा नवरा आतून तपासून घेऊन आला.

“काय म्हनले?”

“म्हनले, गाया किती?”

“आन अंगठा फडफडतोय त्याचं?”

“सांगितलं की. मोबाईलात वाचलेलं बी सांगितलं, हळूहळू सगळं अंग लुळं पडतं म्हनून. तर हसाय लागले. म्हनले, धार कोन काढतं?”

“मीच की.”

“तू लेकीच्या बाळंतपनाला गेल्ती तवा पंधरा दिवस मी काढली, ते सांगितलं. म्हनले, अंगठा मुडपून पिळता, त्यानं नस दाबली गेली. मुठीनं पिळा. बाकी काय न्हाई.”

“आन काल पोरांना जमिनीच्या वाटण्या सांगून बसले!”

“गप गं. बोटांना मुंग्या येत्यात का, ते बी इचारलं.”

“त्या तर येनारच. मला सात वर्षं येत्यात.”

“सात वर्षं? कधी बोलली न्हाई ती?”

“त्यात काय बोलायचं? मला वाटलं, समद्यांनाच येत्यात.”

नवरा उठून नंबर लावायच्या खिडकीशी गेला.

“ताई, अजून एक नंबर लावा. भागीरथी नाव लिहा.”

“अवो, धारंची येळ झाली!”

“होऊ दे. आज मी काढतो. मुठीनं.”